गंजाच्या पोटातली म्यानं

लोखंडाला सांभाळणाऱ्या वस्तू लोखंडाच्या आधी जातात. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गिअर आणि शाफ्ट बनतात. ते ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत गंजू नयेत, हे बघणं माझं काम. ग्राइंडिंग होऊन आलेल्या पोलादावर कसलंच कवच नसतं. तो पार्ट धुवायचा, वाळवायचा, आरपी ऑइलमध्ये, म्हणजे गंजरोधक तेलात, बुडवून निथळू द्यायचा, गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या व्हीसीआयच्या पिशवीत घालायचा, पिशवी पुठ्ठ्यात, पुठ्ठा लाकडी पॅलेटवर, पॅलेट कंटेनरमध्ये. न्हावा-शेवाहून निघालेला माल कित्येक आठवडे समुद्रावर असतो. पलीकडे कुणीतरी पिशवी फाडतं, पार्ट उचलून लाइनवर नेतं आणि पिशवी कचऱ्यात टाकतं. पार्टचा नंबर, बॅच, हीट ट्रीटमेंटचा तक्ता वर्षानुवर्षं फायलीत राहतो. पिशवीची नोंद एका ओळीत संपते.

तलवारीच्या म्यानाकडे मी याच वाटेनं आले. इतिहासाची आवड होती म्हणून नव्हे, लोकरीच्या चरबीमुळे. मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाची मेणचट चरबी असते आणि गंजरोधक तेलांमध्ये ती आजही वापरली जाते. एका नव्या तेलाची मिठाच्या फवाऱ्यात चाचणी चालू होती: पस्तीस अंश तापमान, पाच टक्के मिठाचं पाणी, बंद पेटी. ती चालू असताना लॅनोलिनबद्दल मिळेल ते मी वाचत होते, आणि त्या वाचनात इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन तलवारी समोर आल्या. पाचव्या ते अकराव्या शतकातली तिथली म्यानं एस्थर कॅमेरॉन या संशोधक बाईंनी तपासली आणि त्यांचं पुस्तक २००० साली प्रसिद्ध झालं. त्यातून कळलं, की त्या काळच्या अनेक म्यानांना आतून केसाळ कातड्याचं अस्तर असे, बऱ्याचदा मेंढीचं. केस पात्याच्या बाजूला. तलवार आत-बाहेर होताना पातं लोकरीवरून घासत जाई. लोकरीतली ती चरबी पात्याला लागत असणार, असा अंदाज अभ्यासक करतात. मला तो पटतो. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी माझंच काम करत होतं, आणि माझ्याच मालानं करत होतं, हे कळल्यावर मग सोडवेना.

त्या म्यानाची बांधणी ऐकायला साधी आहे. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या. विलो, पॉप्लर, आल्डर अशी हलकी, सहज तासली जाणारी लाकडं त्यात सापडतात. फळ्या आतून पात्याच्या आकाराच्या कोरायच्या, अस्तर लावायचं, दोन्ही एकमेकींवर ठेवायच्या, वरून चामडं ओलं करून ताणून शिवायचं किंवा कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. तोंडाशी आणि टोकाशी कधी धातूची पट्टी. आपल्याकडच्या तलवारींच्या म्यानांचीही मूळ रचना हीच: दोन फळ्या, वर चामडं किंवा मखमल, मागच्या बाजूला शिवण, तोंडाशी मोहनाळ, टोकाला तहनाळ. हजारो मैलांवरच्या दोन प्रदेशांत एकच उत्तर निघालं, कारण प्रश्न एकच होता. उघडं पोलाद माणसाच्या मांडीशी लटकवायचं, माणूस कापला जाऊ नये, पोलाद गंजू नये, आणि वेळेला ते क्षणात बाहेर यावं.

आता अडचण अशी, की यातलं धातूचं टोक सोडलं तर बाकी सगळं कुजणारं. लाकूड, चामडं, लोकर, सूत, सरस. जमिनीत गेलं की बुरशी आणि जिवाणू काही वर्षांत संपवतात. मग दीड हजार वर्षांनी लोकरीचं अस्तर होतं हे कळलं कसं?

गंजामुळे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून प्रयोगशाळेत फेरी मारून आले, इतकी ती गोष्ट माझ्या रोजच्या कामाच्या उलट होती. तलवार म्यानासकट पुरली जाते. ओल पात्यापर्यंत पोचते, पातं गंजू लागतं. गंजताना विरघळलेलं लोखंड पाण्याबरोबर बाहेर सरकतं आणि लगतच्या लाकडात, लोकरीत, चामड्यात शिरतं. तिथे हवा लागली की ते पुन्हा घट्ट होऊन बसतं: लाकडाच्या नळ्यांच्या आत, केसाच्या खवल्यांभोवती, विणीच्या धाग्यांत. पुढे मूळ लाकूड कुजून जातं, पण तोपर्यंत त्याच्या प्रत्येक पेशीचा लोखंडी साचा तयार झालेला असतो. कुजण्याच्या आधी गंजानं पोचायला हवं, एवढीच अट. पातं जितकं लवकर नासतं, तितकं म्यान चांगलं टिकतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या तपकिरी पापुद्र्यावर लाकडाची जात ओळखता येते आणि केसावरचे खवले दिसतात. हाताला मात्र फक्त गंजाचा खडबडीत पृष्ठभाग लागतो.

१९३९ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे बेसिल ब्राउन यांनी एका टेकाडात खोदकाम केलं आणि सातव्या शतकाच्या सुरुवातीची नौकासमाधी उघडी पडली. त्यातली तलवार म्यानातच गंजून एकजीव झाली होती. मुठीवरचं सोनं आणि गार्नेटचे लाल खडे जगभर छापले गेले. पातं म्यानातून ओढून काढणं शक्यच नव्हतं. क्ष-किरणांनी आतली रचना दाखवली, पीळ दिलेल्या सळ्या एकत्र ठोकून केलेलं पातं दिसलं. ती तलवार उघडायला गेले असते तर पातं आणि म्यान दोन्ही गेलं असतं. त्याआधीच्या काळात मात्र सापडलेलं हत्यार घासून-खरवडून धातूपर्यंत स्वच्छ करण्याची रीत होती. संग्रहालयात मांडायला ते बरं दिसे. किती म्यानं अशी ब्रशखाली भुकटी होऊन गेली, त्याला हिशेब नाही.

गंजाशिवाय आणखी एक वाट आहे, ती पाण्याची. डेन्मार्कच्या न्यूडाम दलदलीत तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या सुमारास लढाईतली शस्त्रं टाकली गेली. तिथे पाण्याखाली हवा न पोचल्यामुळे लाकडी म्यानंसुद्धा राहिली. त्याच्याच दक्षिणेला, आजच्या जर्मनीत, टोर्सबर्गची दलदल आहे. तिथलं पाणी आम्लधर्मी, त्यामुळे कापड आणि चामडं टिकलं पण लोखंड विरघळून गेलं. पातं नाही, पण म्यानाच्या टोकाची काशाची पट्टी आहे. त्या पट्टीवर रून लिपीतला लेख कोरलेला आहे, इसवी सन २००च्या आसपासचा. त्या लिपीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांमध्ये तो मोजतात. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात खोदकाम झालं, तिथल्या ओल्या थरांतून चामड्याची म्यानं वर आली. जमिनीचा आम्लपणा, पाण्याची पातळी, हवा, मीठ: आमच्या तक्रार-अहवालात जे रकाने असतात, तेच पुरातत्त्वाच्या या अहवालांतही आहेत. मला ते वाचायला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग साहजिकच मनात आलं, आपल्याकडे काय? रोज मी मोशीवरून इंद्रायणी ओलांडून ज्या चाकणला जाते, तिथे तलवारीच्या गोष्टींना तोटा नाही. कारखान्यात नवा मुलगा आला की त्याला संग्रामदुर्ग सांगितला जातो: १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेला हा भुईकोट सुमारे दोन महिने दिला नाही, शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला तेव्हा गेला. पण तो काळ फार अलीकडचा. मला हवी होती चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादवांच्या काळातली म्यानं. जमिनीतून आलेलं तसं एकही म्यान माझ्या वाचनात नाही, आणि कारणं उघड आहेत. आपल्याकडे योद्ध्याला तलवारीसकट पुरण्याची चाल त्या काळी नव्हती, चिता होती. तलवार घरात राहायची, मुलाकडे जायची, बोथट झाली की शिकलगाराकडे, मोडली की लोहाराच्या भट्टीत. पोलाद वाया घालवण्याइतकं स्वस्त कधीच नव्हतं. त्यात आपला चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची कोरड. ओलं-सुकं, ओलं-सुकं असं चक्र लाकडाला जितकं लवकर संपवतं तितकं सततचं पाणी संपवत नाही.

पुरण्याची चाल होती ती त्याच्या कितीतरी आधी, विदर्भातल्या लोहयुगीन शिळावर्तुळांच्या लोकांत. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खननं केली. लोखंडाची हत्यारं, घोड्यांची हाडं, घोड्याच्या चेहऱ्यावरचे तांब्याचे दागिने निघाले, नायकुंडला तर लोखंड वितळवण्याची भट्टीही सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसं लोखंड मृताबरोबर ठेवत होती. म्यानाचा किंवा दांड्याचा मागमूस गंजात शोधायचा तर महाराष्ट्रात पहिली जागा हीच, असं मला वाटतं. एखादा खंजीर पुरताना उघडाच ठेवला होता की कशात गुंडाळून, हे त्याच्या गंजाचा पापुद्रा सांगू शकतो.

मध्ययुगाच्या आरंभासाठी आपल्याकडे साक्ष आहे ती दगडाची आणि शब्दाची. दगड म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे, ते प्रसिद्ध आहेत. पण साधे वीरगळ या पट्ट्यात गावोगाव आहेत. चाकणच्या पुढे एका गावात मारुतीच्या पाराला टेकवून ठेवलेला एक मला माहीत आहे. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, डोक्यावर कलश. वीराच्या उजव्या हातात तलवार आहे, उगारलेली. कमरेपाशी डाव्या अंगाला एक आखूड उंचवटा दिसतो. म्यान असेल, शेल्याचं टोक असेल, कट्यार असेल. शेंदूर आणि तेलाच्या थराखाली कडा हरवल्या आहेत. आणि मला वाटतं, शिल्पकाराचाही त्यात दोष नाही. वीरगळ मरणाचा क्षण दाखवतो, त्या क्षणी तलवार हातात असते आणि म्यान रिकामं. रिकाम्या म्यानाकडे कोण बघणार?

शब्दाची साक्ष वराहमिहिराची आहे. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत खड्गाच्या लक्षणांवर एक प्रकरण आहे. तलवार आपोआप म्यानाबाहेर आली तर युद्ध होणार, म्यानातून निघेनाशी झाली तर पराजय, असं त्यात सांगितलं आहे. ज्योतिष म्हणून कुणी ते बाजूला ठेवेल. पॅकिंगचं काम करणाऱ्या बाईला त्यात पावसाळा दिसतो. ओल पिऊन फुगलेल्या दोन फळ्या, त्यात अडकलेलं पातं, तोंडाशी धरलेला गंज: असं म्यान घेऊन जो रणात गेला त्याचं काय होणार ते सांगायला ग्रह कशाला हवेत? शकून म्हणून नोंदवलेली ती गोष्ट कुणाच्या तरी प्रत्यक्ष अनुभवातून आली असणार, याबद्दल मला शंका नाही.

कारण हे मी दर जून महिन्यात बघते. चाकणला हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर गेली की माझी झोप कमी होते. निर्यातीच्या पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत छप्पन्न अंशांवर तीस मिनिटं तापवलेलं असावं लागतं, तसा शिक्का असल्याशिवाय परदेशात ते उतरू देत नाहीत. पण तो नियम किड्यांसाठी आहे. शिक्का असलेलं लाकूड आतून ओलं असू शकतं, आणि ते ओलेपण बंद कंटेनरमध्ये दिवसा वाफ होऊन उठतं, रात्री थंड पत्र्यावरून थेंब होऊन पडतं. काही लाकडं तर स्वतःच आम्लाची वाफ सोडतात. ओक त्यातलं कुप्रसिद्ध. चामड्याचंही तसंच, कमावताना वापरलेली द्रव्यं आणि चरबी धातूला लागतात आणि तांब्या-पितळेवर हिरवट थर येतो. म्हणूनच संग्रहालयांत जुनं पातं आणि म्यान पुष्कळदा वेगळं ठेवतात. म्यान हे तलवारीचं रक्षणही करतं आणि हळूहळू तिला खातंही. जुन्या कारागिरांना हे कळत होतं, म्हणून तर अस्तर, म्हणून तेलाचा बोळा, म्हणून वर्षातून निदान एकदा सगळी हत्यारं बाहेर काढून पुसण्याचा दिवस.

तो दिवस आमच्याकडे अजून पाळला जातो. खंडेनवमीला पिंपरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक शॉपमध्ये मशीन बंद होतात, लेथ आणि सीएनसीवर झेंडूच्या माळा चढतात, व्हर्निअर आणि पान्यांना हळदकुंकू लागतं. एका खंडेनवमीच्या आधी डिस्पॅचमधला एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. खेड तालुक्यातला, शांत, कामाला चोख.

"मॅडम, आमच्या घरची तलवार आहे. म्यानात अडकलीय. आपल्या ॲसिडच्या टाकीत दोन मिनिटं बुडवली तर सुटेल का? पूजेला चकचकीत पाहिजे."

मी म्हटलं, आधी बघू दे.

दुसऱ्या दिवशी तो पोत्यात गुंडाळून घेऊन आला. तलवार फार जुनी नव्हती. दीडशे-दोनशे वर्षांपलीकडची असेल असं मला वाटलं नाही. माळ्यावर राहून म्यानाचं लाकूड खालच्या अर्ध्यात वाळवीनं नेलं होतं, चामड्याचे दोन-तीन तुकडे लोंबत होते आणि जिथे म्यान गेलं होतं तिथे पात्यावर गंजाचा जाड थर. टाकीत बुडवली असती तर दोन मिनिटांत सगळं साफ. तुटलेल्या गिअरचे दात बघायला जो सूक्ष्मदर्शक आम्ही वापरतो, त्याखाली मी पात्याचा एकेक भाग घेतला. म्यानाचं लाकूड संपतं तिथून जरा खाली गंजावर समांतर बारीक रेषा होत्या, लाकडाच्या तंतूंच्या. त्यांच्याखाली एके ठिकाणी आडवी-उभी वीण. सुती कापडाची असावी. म्हणजे लाकूड आणि पातं यांच्यामध्ये कापड होतं, आणि ते कापड आता कुठेच नव्हतं, फक्त त्या नखाएवढ्या गंजात होतं. पुस्तकात वाचलेली गोष्ट चाकणच्या शॉप फ्लोअरशेजारी, माझ्या भिंगाखाली. मी त्या मुलाला खुर्ची दिली आणि बघायला लावलं. तो बराच वेळ डोळा लावून होता.

"हे घासलं तर जाणार?" त्यानं विचारलं.

"जाणार."

घरी त्याचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, ऐकेनात. पूजेला गंजलेलं हत्यार मांडायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि तो चुकीचा म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्याच नियमामुळे ती तलवार इतकी वर्षं राहिली होती. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. आबांना फोटो दाखवले, मोठे करून. ते म्हणाले, "बाई, हे धडूतं माझ्या आजीच्या लुगड्याचं असंल." खरं-खोटं कोण सांगणार, पण मग ते बोलायलाच लागले. म्यान मूळचं नव्हतंच. त्यांच्या वडिलांच्या हयातीत जुन्नरच्या एका जिनगरानं ते नवं करून दिलं होतं, त्याच्याही आधी एकदा बदललं होतं असं त्यांनी ऐकलेलं. मोबदला धान्यात. लाकूड घरचंच दिलं होतं, चामडं जिनगराचं. कापड आतून लावायचं, हेही त्यानंच सांगितलं होतं, तेलात भिजवून.

मला हे सगळ्यांत मोलाचं वाटलं. पातं पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि त्याच्या आयुष्यात म्यानं दोन-तीन तरी होऊन जातात. सॅक्सन तलवारींबद्दलही अभ्यासक हेच सांगतात: पातं एका काळाचं, मूठ दुसऱ्या, म्यान तिसऱ्या. तेव्हा गंजात जे म्यान मिळतं ते तलवारीचं शेवटचं म्यान असतं, आणि ते करणारा माणूस लोहारापेक्षा वेगळा, कित्येकदा वेगळ्या शतकातला. आपण तलवारी मोजतो, त्यांच्यावरची अक्षरं वाचतो, कुणाच्या होत्या यावर भांडतो. सुतार, जिनगर, कापड देणारी बाई यांचं काम म्हणजे त्या पात्यावरची घाण, असं समजून ती आधी पुसून टाकतो. आमच्या पॅकिंग लाइनवर बहुतेक बायका आहेत. कुठला पार्ट कुठल्या बाजूनं पिशवीत घातला तर कोपरा फाटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि तसं ते कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही.

खंडेनवमीला आबांनी मूठ आणि मोहनाळ तेवढी पुसून घेतली. बाकी पातं आणि गंजाचा तो भाग तसाच ठेवला, त्याच्यावर हळदकुंकू लावलं नाही, फूल मुठीशी ठेवलं. त्यानंतर तलवार कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह सैल गुंडाळली. म्यानाचे सुटलेले तुकडे वेगळ्या पिशवीत, कागदावर ते कुठून निघाले ते लिहून. म्यानातून ओढून काढायची नाही, हे त्या मुलानं आबांना समजावलं. लाकडाची जात ओळखायची तर सुटलेल्या तुकड्यातली एक कपची वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवावी लागेल. घरातून ती बाहेर न्यायची की नाही, ते घरच्यांनी अजून ठरवलेलं नाही.

प्रयोगशाळेत एक फरक मी केला आहे. परत आलेला गंजका पार्ट पूर्वी आधी पुसला जायचा, मग तपासला जायचा. खाली धातूला किती खड्डा पडला, हेच सगळ्यांना हवं असतं. आता आधी फोटो, मग भिंग, मग ब्रश. या पद्धतीनं एका गंजाच्या डागात पुठ्ठ्याचे तंतू सापडले, म्हणजे पिशवी आतल्या बाजूला फाटली होती. दुसऱ्यात हातमोज्याची वीण उमटलेली, म्हणजे घामानं भिजलेला मोजा बदलला गेला नव्हता. आणि आबांच्या तलवारीची नोंद त्या मुलानं स्वतः एका वहीत केली आहे. मी सांगितलं होतं तसे त्यात पात्याची लांबी, रुंदी, वजन, मुठीचा प्रकार हे रकाने आहेत. म्यानाचा रकाना त्यानं वेगळा आखला, पूर्ण पान घेऊन, आणि पहिल्या ओळीत लिहिलं: काम जुन्नरच्या जिनगराचं, नाव आबांना आठवत नाही, आत्याला विचारायचं.